गुडघ्याएवढा पिवळा पट्टा

जनूकाका,

काकूंनी दिलेला चहा मी पूर्ण प्यायले. "तू ती कॉम्प्युटरवाली ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "तुझं सांगायचे घरी. फार कमी बोलते म्हणायचे." यावरही मी मानच हलवली. तुमच्या फोटोवरचा हार ताजा होता. बुवापाड्यातल्या त्या खोलीत मी वीस मिनिटं बसले आणि पूर्ण वेळ एकच वाक्य मनात जुळवत राहिले. ते वाक्य असं होतं: काकू, काकांनी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेला पिवळा पट्टा मी पुसायला लावला, आणि तो त्यांनाच पुसावा लागला.

ते काही तोंडातून निघालं नाही. "येते" म्हणाले, चपला घातल्या आणि निघाले.

म्हणून लिहिते आहे. लिहिताना मला धाप लागत नाही. आणि माझ्या मराठीला हसायला आता तुम्हीही समोर नाही.

आपली ओळख एका यादीमुळे झाली. आमच्या स्टुडिओला सरकारी काम मिळालं होतं. दवाखाने, बालवाड्या, पाण्याच्या टाक्या, वाचनालयं, सगळ्यांच्या पाट्या एका रूपात आणायच्या. एक चिन्ह, एक अक्षर, एक निळा रंग, आणि हे सगळं कसं वापरायचं याची एक नियमावली. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, कारण चूक माझी होती, त्यांची नव्हती. तर आधी असलेल्या पाट्यांची यादी हवी होती. मी मागितली तेव्हा तिथले क्लार्क म्हणाले, "यादी कशाला? जनूकाकांना विचारा ना." दुसऱ्या दिवशी तुम्ही अंबरनाथ पश्चिमेला आमच्या स्टुडिओखाली स्कूटर घेऊन उभे होतात. सीटवर पिवळ्या रंगाचा वाळलेला ओघळ होता. मी म्हटलं, "हॅलो अंकल." तुम्ही मागे वळून पाहिलंत.

"कोण आलंय गं अंकल?"

त्या दिवसापासून मी काका म्हणायला लागले.

दोन आठवडे मी तुमच्या स्कूटरवर मागे बसून फिरले. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत, शिरगावच्या पुढे वस्ती विरळ होत जाते तिथपर्यंत. लोक नातेवाईक ओळखतात तशा तुम्ही पाट्या ओळखायचात. "ही माझी. ही पण माझी, पण नंतर कुणीतरी बाण बिघडवलाय. ही माझी नाही, असला जाड काना मी काढत नाही." मी फोटो काढायचे, वहीत नोंद करायचे. चहावाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना तुम्ही माझी ओळख एकाच वाक्यात करून द्यायचात: "या मॅडम, कॉम्प्युटरवाल्या. आता सगळं सारखं करणार आहेत." त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका पाटीला किती दिवस लागतात, असं मी एकदा विचारलं होतं.

"दोन. एक दिवस बसायचं, एक दिवस रंगवायचं."

"बसायचं म्हणजे?"

"बसायचं म्हणजे बसायचं. तू आत्ता बसलीयस ना, तसं."

आपण तेव्हा एका कार्यालयासमोरच्या टपरीवर होतो. मग तुम्ही सांगितलंत. पाटी लिहायची असेल तिथे आधी एक अख्खी सकाळ बसून राहायचं आणि लोक टपरीवाल्याला काय विचारतात ते ऐकायचं. या इमारतीचं नाव काय, असं कुणीच विचारत नाही. दाखला कुठे मिळतो, हे सगळे विचारतात. मग 'दाखला' मोठा लिहायचा. मी ते वहीत इंग्रजीत उतरवून घेतलं. तुम्ही वाकून पाहिलंत.

"काय लिहिलंस?"

"तुम्ही बोललात तेच. याला आमच्यात यूजर रिसर्च म्हणतात."

"इंग्रजीत लिहिलं की साहेब ऐकतात का?"

"ऐकतात."

"मग लिही."

हे सगळं तुम्ही उल्हासनगरात शिकलात. कॅम्पातल्या एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानावर तुम्ही पहिली पाटी रंगवलीत आणि तुम्ही अक्षरं नाजूक काढलीत म्हणून शेठने ती पुसायला लावली. त्यांची नक्कल तुम्ही छान करायचात. "साईं, अक्षर मोटा बना. ग्राहक चश्मा घर पे भूल के आया है." मी उल्हासनगरचीच. शाळेत जाता-येता त्याच बाजारातून चालायचे. त्यातली एखादी पाटी तुमची असेलच. पण मी त्या कधी वाचल्या नाहीत. मला तो गोंगाट वाटायचा. मराठी घरी, सिंधी आणि हिंदी बाजारात, इंग्रजी शाळेत, आणि या सगळ्यांत मी गप्प. डिझाइन शिकायला गेले ते बहुतेक त्या गोंगाटापासून सुटण्यासाठी. पांढऱ्या कागदावर एकच छोटा शब्द, बाजूला खूप मोकळी जागा. मला ते सुंदर वाटायचं. अजूनही वाटतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, एवढी जागा सोडलीस, तिथे आणखी दोन ओळी बसल्या असत्या.

आता सादरीकरणाचा दिवस. तो टाळून मला पुढे जाता येणार नाही.

यादी तुमची, म्हणून कार्यालयातल्या साहेबांनी तुम्हालाही बोलावलं होतं. मला ते माहीत होतं. तुम्ही येणार नाही असं मी स्वतःला समजावलं होतं. तुम्ही आलात, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात. माझी पहिली स्लाइड होती 'आधी'. त्यातल्या सगळ्या पाट्या तुमच्या होत्या. दवाखान्याच्या पाटीवर मी लाल गोल काढला होता आणि बाजूला इंग्रजीत 'गोंधळ' अशा अर्थाचा शब्द टाकला होता. साहेब हसले. "काय हो ही पाटी, लग्नपत्रिका वाटते." मग सगळेच हसले. मी पडद्याकडे पाहत राहिले, कारण मागे पाहायचं नव्हतं. पण काचेच्या दारात तुमचं प्रतिबिंब दिसत होतं. तुम्हीही हसत होतात.

बाहेर पाण्याच्या कूलरजवळ मी तुमच्यासाठी थांबले. तुम्ही आलात, बाटली उघडलीत आणि म्हणालात, "तो फोटो दुपारी काढलास ना? सकाळी काढायचा. दुपारच्या उन्हात पिवळा मरतो."

मी "सॉरी काका" म्हणाले. फार हळू म्हणाले. तोपर्यंत तुम्ही बाटली भरायला वाकला होतात. तुम्हाला ऐकू गेलं का, हे मी त्यानंतर कधी विचारलं नाही.

आपलं भांडण मात्र खूप झालं, आणि त्या भांडणांची मला आता आठवण येते. मी म्हणायचे, सगळीकडे एकच रंग, एकच अक्षर असलं की माणसाला कळतं की हे सरकारी आहे, म्हणजे आपलं आहे, आत जायला भीती नाही. तुम्ही म्हणायचात, सारखं दिसलं की सापडत नाही.

"बालवाडी निळी, दवाखाना निळा. उद्या स्मशानही निळं करशील."

"स्मशान स्कोपमध्ये नाहीये काका."

तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत आणि पाच मिनिटं हसत उभे राहिलात. मला वाटतं मी कुणाला इतकं हसवलं असं ते पहिल्यांदाच. नंतर महिनाभर तुम्ही ते प्रत्येक टपरीवर सांगितलंत.

आणि एका बाबतीत तुम्ही मला जिंकू दिलंत, तेही खरं. जुन्या पाट्यांवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव सगळ्यांत मोठं असायचं आणि 'दवाखाना' त्याखाली कुठेतरी बारीक. मी नव्या आराखड्यात ते उलटं केलं. नाव खाली, लहान, आणि 'दवाखाना' असा की रस्त्याच्या पलीकडूनही वाचता यावा. प्रिंट लांब धरून तुम्ही डोळे बारीक केलेत. मग म्हणालात, "हे भारी केलंस. मला इतकी वर्षं खटकायचं, पण मी कधी साहेबांना बोललो नाही. तू बोललीस."

"मी कुठे बोलले? मी फक्त ड्रॉइंगमध्ये केलं."

"तेच गं."

आता पट्टा.

शिरगावच्या पुढे तो छोटा सरकारी दवाखाना आहे. नाक्यापासून दारापर्यंत त्याची कुंपणाची भिंत जाते, पन्नासेक पावलांची. त्या भिंतीच्या तळाला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीचा, नाक्यापासून थेट दारापर्यंत पिवळा पट्टा होता. रंग जागोजागी उडालेला. पाहणीच्या दिवशी मी नोंद केली: भिंतीच्या तळाशी जुना पिवळा रंग, काढून टाकावा. मला वाटलं, उरलेला रंग असेल, चिखलाचे शिंतोडे दिसू नयेत म्हणून कुणी फासला असेल. तुम्ही तेव्हा दहा पावलांवर होतात. चहात साखर जास्त पडली म्हणून टपरीवाल्याशी वाद घालत होतात. मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मग नियमावली झाली. तिच्यात मी लिहिलं की भिंतीवर ठरवून दिलेल्या रंगांखेरीज दुसरा रंग नको. काही महिन्यांनी तुमचा फोन आला. मी दुसऱ्या कामाच्या मीटिंगला निघाले होते.

"अगं, शिरगावच्या दवाखान्याच्या खालच्या पट्ट्याचं काय करायचं?"

"नियमात नाहीये काका. काढून टाका."

"नक्की?"

"हो काका, शुअर."

"बरं." मग जरा थांबून, "जेवलीस का?"

"हो."

जेवले नव्हते. आपलं शेवटचं बोलणं ते.

रंगकामाच्या ठेकेदाराच्या वतीने तुम्ही सहज विचारताय असं मला वाटलं. ती भिंत रंगवायचं काम तुमच्याकडेच आलंय, हे मला माहीत नव्हतं. तो पट्टा तुमचा आहे, हेही नाही.

काम संपल्याच्या अहवालाला 'नंतर'चे फोटो लागतात. ते काढायला मी सकाळी गेले. भिंत स्वच्छ पांढरी, वर निळी पाटी, 'दवाखाना' लांबून वाचता येत होतं. मी खूश होते. खरंच खूश होते काका, मनात म्हणत होते की याचा फोटो तुम्हाला पाठवायचा. तेवढ्यात तिथल्या सिस्टर बाहेर आल्या. तुम्हाला माहीत आहे त्यांचा आवाज.

"काढ बाई फोटो. छान दिसतंय. फक्त गुरुवारच्या बाया पोचत नाहीत."

"कोणत्या बाया?"

"पाड्यांवरच्या. डोंगराकडून येतात, बाळाचं लसीकरण, गरोदर असली तर तपासणी. येताना बाजारात विकायला काहीतरी असतंच. डोक्यावर लाकडाचा भारा नाहीतर भाजीची टोपली. मान वर होते का त्यांची? त्या पट्ट्यावरून यायच्या. नाक्यावर पिवळं दिसलं की वळायचं, पिवळं संपलं की दार. आता सरळ पुढे जातात. मध्यंतरी एक सातव्या महिन्यातली पोरगी उन्हात पार पुढच्या फाट्यापर्यंत गेली आणि तिथून घरी परत."

"ती बरी आहे?"

"बरी आहे. पुढच्या गुरुवारी आशाताईंना पाठवून हाताला धरून आणली. पण प्रत्येकीला कोण धरून आणणार?"

मी विचारलं, तो पट्टा कुणी रंगवून घेतला होता.

"घेतला कसला? जनूकाकांनी आपणहून रंगवला. पाटी लिहायच्या आधी इथे दिवसभर बसले होते. म्हणाले, सिस्टर, या बायांची नजर खाली आहे, मी वर लिहून काय उपयोग."

"आणि पुसला कुणी?"

"त्यांनीच. मी म्हटलं, काका, कशाला पुसताय, बाया चुकतील. तर म्हणाले, पोरीने विचार करून लिहिलं असेल." मग त्या माझ्याकडे नीट पाहायला लागल्या. "त्यांचं कळलं ना तुला?"

"काय?"

तुम्ही गेल्याचं मला असं कळलं. हातात कॅमेरा होता आणि समोर तुम्ही स्वतः पांढरी केलेली भिंत.

मला तुमचा राग आला होता. हे मेलेल्या माणसाला सांगू नये बहुधा, पण आला होता. एक वाक्य बोलायचं होतं तुम्ही. बाणाच्या टोकावरून तुम्ही माझ्याशी तासभर भांडलात. निळ्यावरून भांडलात. आणि इथे फक्त "नक्की?" एवढंच, आणि मग जेवणाची चौकशी. मी खूप विचार केला, की का. कधी वाटतं, दुसऱ्याच्या गोष्टीसाठी भांडणं सोपं असतं, स्वतःच्या कामासाठी तुम्हाला संकोच वाटला असेल. तो संकोच मी ओळखते. पण कधी दुसरंच वाटतं. वाटतं की त्या सादरीकरणात, तो लाल गोल पाहिल्यानंतर, आपल्या कामाबद्दल या मुलीशी बोलण्यात अर्थ नाही असं तुम्ही ठरवलं असेल. हसत हसतच ठरवलं असेल. हा विचार आला की मला हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

आणि तरीही सिस्टरना तुम्ही सांगितलंत, पोरीने विचार करून लिहिलं असेल. मी केला नव्हता विचार, काका. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नाही, आणि तो मी कमावलेलाही नव्हता.

मी साहेबांकडे गेले. एकटी. मीटिंगमध्ये मी कशी बसते ते तुम्ही पाहिलं आहे. बोलतात आमच्या स्टुडिओतले सर, मी स्लाइड बदलते. या वेळी दहा मिनिटं मागून घेतली.

"मॅडम, फाइल बंद होत आली. आता हा पट्टा कुठून आला?"

मी इंग्रजीत सुरुवात केली, अर्ध्यात श्वास संपला. मग मराठीत सांगितलं. गुरुवार, बाया, डोक्यावरचं ओझं, फाट्यापर्यंत गेलेली मुलगी.

"बरोबर आहे. पण हे नियमात कुठे बसवायचं?"

"नियम मीच लिहिलाय सर. चुकीचा लिहिलाय. मी तिथे बसले नव्हते."

"बसले नव्हते म्हणजे?"

मग तुमची पद्धत सांगितली. टपरी, सकाळ, लोक काय विचारतात ते. ते ऐकत होते. "ही आयडिया कुणाची?"

"जनूकाकांची. तुम्ही ज्यांच्या पाटीला लग्नपत्रिका म्हणालात, त्यांची."

हे बोलायचं ठरवलं नव्हतं. बोलून गेले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते गेले ना हो?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी फाइलवर लिहिलं, आधी या एका ठिकाणी करून पाहावे.

नियमावलीत आता एक पान वाढलं आहे. जिथे लोक डोक्यावर ओझं घेऊन येतात तिथे वाट जमिनीलगत दाखवावी. आणि कुठलीही पाटी ठरवण्याआधी तिथे एक पूर्ण सकाळ बसावं. पानाखाली तुमचं नाव आहे, पूर्ण नाव, तुम्ही कुठे राहायचात ते धरून. आमचे सर म्हणाले, नियमावलीत नावं नसतात. मी म्हटलं, हिच्यात आहे. त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं आणि ते पान तसंच ठेवलं.

पट्टा मीच रंगवला. अंबरनाथच्या रंगाच्या दुकानात गेले तर मालकाने विचारलं, "जनूकाकांचा पिवळा ना? त्यात थोडा तांबडा पडतो, धूळ दिसत नाही मग." त्यांनीच कालवून दिला. पन्नास पावलांना मला दोन दिवस लागले. कंबर अजून दुखते. वरची कड सरळ आली नाही, दाराजवळ तर चांगलीच खालीवर झाली आहे. सिस्टर म्हणाल्या, काकांचा असा नव्हता. मी म्हटलं, माहीत आहे.

गुरुवारी सुट्टी घेतली आणि दारापाशी जाऊन बसले. साडेदहाच्या सुमारास नाक्यावरून एक बाई वळली. डोक्यावर रानभाजीची टोपली, पाठीला बांधलेलं बाळ, मान ताठ, नजर खाली. कडेकडेने चालत दारापर्यंत आली. टोपली उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि पायाच्या अंगठ्याने भिंतीकडे दाखवत कुणाला तरी विचारल्यासारखं म्हणाली, "कुठं गेलता यो इतकं दिस?"

तिथे मी एकटीच होते.

"मी पुसायला लावला होता," मी म्हटलं. "माझी चूक झाली."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे बूट, माझ्या हाताला लागलेला रंग.

"बरं," म्हणाली. "आता हाय ना." बाळाला पाठीवर सारखं केलं. "जरा टोपलीकडं बघ माझ्या." आणि आत गेली.

ती बाहेर येईपर्यंत मी टोपलीजवळ बसून होते, काका.